दिघ्याच्या करवतवाल्यांत एक दिवस

दिघा हें कांहीं मुद्दाम पाहावयास जाण्याचें ठिकाण नव्हे. तेथें नांवाजलेलें देवालय नाहीं, थंड हवा नाहीं, कीं पाहुण्यांस दाखवावा असा देखावा नाहीं. एका अंगास पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगास ठाण्याची खाडी, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत ठाणें-बेलापूर रस्ता, कारखाने, लोहमार्ग व माणसें हीं सर्व एकमेकांस खेटून बसलेलीं आहेत. असें असतां गेल्या मार्गशीर्षांतील एका रविवारीं आम्ही घरचीं चौघें, म्हणजे वडील बंधू अण्णा, वहिनी, त्यांचे चिरंजीव आणि प्रस्तुत लेखक, थालीपिठांचे डबे बांधून दिघ्यास गेलों, व तेंही यांत्रिक करवतींच्या शौकीन मंडळींचा मेळा पाहावयास, हें ऐकून आप्तवर्गांत बरीच करमणूक झाली. "तेथें काय करवतींचीं लग्नें लावतात?" असें आमच्या एका मामेबहिणीनें विचारलें. तेव्हां जाण्याचें कारण आरंभींच सांगितलें पाहिजे.

दिवेआगर येथें आमचें वडिलोपार्जित घर व सुपारी-नारळाची लहानशी वाडी आहे. ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता असें हवामानखात्याच्या दप्तरांत नमूद आहे. परंतु आकड्यांवरून त्या दुपारची कल्पना यावयाची नाहीं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्टींत पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या वाड्या दोनतीन तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळावर येण्यास पांचसहा वर्षें तरी लागतात. म्हणजे ज्याची वाडी गेली त्याची पुढील कित्येक वर्षांची प्राप्तीही त्याच दुपारीं गेली. आमच्या निम्म्याहून अधिक पोफळी मोडल्या, विहिरीजवळचा आंबा मुळांसकट उपटून पडला, आणि मागील पडवीजवळचा फणस पडला नाहीं, परंतु घराकडे कलला.

चौथ्या दिवशीं आंबा कापण्यास माणूस मिळाला. त्या दिवसांत साऱ्या किनाऱ्यावर 'कटर'चा (कोंकणांत या यंत्रास हेंच नांव रूढ आहे) इतका तुटवडा होता कीं, ज्याच्या हातीं यंत्र आलें तो त्याच दिवशीं कारागीर झाला. आमच्याकडे आलेला मुलगा वीसबावीस वर्षांचा, जवळच्याच गांवचा. यंत्र कोणाचें तरी मागून आणलेलें. त्यानें आडव्या पडलेल्या आंब्याचें खोड मुळांपासून चार हातांवर कापलें मात्र, आणि तो मेलेला, चार दिवस निपचित पडलेला बुंधा एकाएकीं उठून उभा राहिला! अण्णा जवळच होते. बुंध्याचा तडाखा त्यांच्या उजव्या मांडीस बसला व हाड मोडलें. रस्ते नुकते मोकळे होत होते. टेंपोंत घालून त्यांना माणगांवपर्यंत नेण्यास अर्धा दिवस गेला. ते बरे झाले, पण पाय दोन बोटें आंखूड राहिला आणि काठी कायमची हातीं आली. त्या मुलास आम्ही त्या दिवशीं जें जें बोललों तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. त्याची मजुरी अर्थातच दिली नाहीं.

राहिला फणस. तो आमच्या आजोबांनीं आमच्या आत्याच्या बारशाच्या वर्षीं लावलेला. आत्या आज अठ्ठ्याऐंशींच्या घरांत आहे व त्याच घरीं राहते. फणस कापा जातीचा, गरे मधासारखे, आणि कलल्यावरही त्यानें एक वर्ष फळ चुकविलेलें नाहीं. परंतु दर पावसाळ्यांत तो थोडा थोडा पडवीच्या कौलांकडे झुकत होता. पुतण्याचें मत, तो कापून टाकावा, आणि आपणच कापावा. कारण वादळानंतर त्यास या करवतींचें वेड लागलें असून २०२१ सालीं त्यानें स्वतःच्या पगारांतून एक विकतही घेतली होती. अण्णांचें मत, तें यंत्र घराच्या कुंपणाच्या आंत येतां कामा नये. आत्याचें मत विचारण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं, तें तिनें आपण होऊनच सांगितलें: "मी आहें तोंवर तो आहे." घरांत बापलेकांचें बोलणें या एका विषयापुरतें बंद झालें होतें. शेवटीं पुतण्या म्हणाला, "बाबा, एकदा त्या लोकांचं ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं." अण्णांनीं उत्तर दिलें नाहीं, वहिनींनीं डबे काढले, आणि त्यावरून आम्हीं जाण्याचें ठरलें असें समजलों.

ठाण्याहून वाशीकडे जाणारा लोहमार्ग २००४ सालीं सुरू झाला, तरी दिघ्यास स्थानक नव्हतें. 'दिघा गांव' स्थानक ता. १२ जानेवारी २०२४ रोजीं उघडलें. बांधून तयार झाल्यावरही तें कित्येक महिने उद्घाटनाची वाट पाहत उभें होतें, ही गोष्ट डब्यांतील एका सहप्रवाशानें आम्हांस अद्यापि ताज्या असलेल्या रागानें सांगितली. ठाणें सोडून खाडी ओलांडली कीं डाव्या हातास डोंगर लागतो आणि पहिलेंच स्थानक दिघा. त्याच गृहस्थांनीं २०१५ सालची हकीकत सांगितली: येथील सरकारी जमिनींवर उठलेल्या ९९ अनधिकृत इमारती पाडण्याचा हुकूम उच्च न्यायालयानें दिला होता, आणि घरासाठीं आयुष्याची पुंजी घातलेलीं कुटुंबें पोतीं-भांडीं घेऊन रस्त्यावर आलीं होतीं. "बांधणारे निघून गेले, राहणारे सांपडले," असें ते म्हणाले. गाडी थांबली व बोलणें तुटलें.

स्थानकाबाहेर पडून आम्ही डोंगराच्या बाजूस वळलों. या डोंगराच्या पोटांत इलठणपाड्याजवळ एक जुनें धरण आहे. वाफेच्या इंजिनांस पाणी मिळावें म्हणून इंग्रजी अमदानींत रेल्वेनें तें बांधविलें. इंजिनें गेलीं, धरण राहिलें. आम्हांस तें पाहावयाचें होतें, परंतु अण्णांच्या पायास ती चढण झेंपली नसती, म्हणून बेत सोडला व सरळ मेळ्याच्या जागीं गेलों.

ही जागा म्हणजे औद्योगिक वसाहतींतील एका दुरुस्तीच्या दुकानाचें मागील आवार. दुकानाचे मालक मूळचे साताऱ्याकडील, साठीच्या पुढचे. सर्वजण त्यांस 'मिस्त्री' एवढेंच म्हणतात. त्यांच्याकडे करवत दुरुस्तीस आणणारे लोक हळूहळू चहास थांबूं लागले, चहाचे गप्पांस, आणि त्यांतूनच वर्षांतून एकदोनदां जमण्याचा हा परिपाठ पडला. त्यास अध्यक्ष नाहीं, चिटणीस नाहीं, वर्गणी नाहीं. आम्ही पोहोंचलों तेव्हां वीसपंचवीस मंडळी ताडपत्रीवर बसलेली होती. त्यांत झाडांच्या फांद्या छाटण्याचे ठेके घेणारे होते, अग्निशमन दलांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, मुरबाडकडील एक वृद्ध ठाकर व त्यांचा मुलगा होता, कोंकणांतले दोन बागायतदार होते, आणि ऐरोलीच्या संगणक कचेरींत नोकरी करून सुटीच्या दिवशीं करवतीनें लांकडाचीं घुबडें कोरणारे एक तरुण अभियंते होते. (त्यांनीं एक घुबड आम्हांस दाखविलें. तें घुबडापेक्षां मांजराकडे अधिक झुकलेलें होतें. परंतु पिसें सुरेख उतरलीं होतीं.)

आम्हांस वाटलें होतें, कानठळ्या बसतील. प्रत्यक्षांत पहिला तासभर एकही यंत्र सुरू झालें नाहीं. सर्वजण मांडीवर करवत घेऊन, हातांत गोल कानस घेऊन दातांस धार लावीत बसले होते, आणि आवारांत एखाद्या सोनाराच्या दुकानांत यावा तसा बारीक आवाज भरून राहिला होता. अठरा इंची पात्यावरील सांखळीस कापणारे दात सुमारें ३६; अर्धे डाव्या तोंडाचे, अर्धे उजव्या. प्रत्येकावर कानस ठराविक कोनांत, एकाच दिशेनें, मोजून सारख्या वेळां फिरवावयाची. कारण एका बाजूचे दात आंखूड झाले कीं करवत सरळ न जातां वांकडी जाते. प्रत्येक दातापुढें एक ठेंगणा अडसर असतो. तो दाताच्या टोंकाहून सुमारें अर्धा-पाऊण मिलिमीटर खालीं हवा. तेवढ्याच जाडीचा छिलका दात काढतो. अडसर अधिक घासला तर करवत हावरी होते, घाव मोठा घेते आणि हातांतून उसळते. मिस्त्री म्हणाले, "भुसा बघायचा. छिलके पडले तर करवत कापतीय. पीठ पडलं तर ती नुसती घासतीय, आणि कापणारा जोर लावतोय. जोर लावला की घात."

वहिनींस हें एकदम पटलें. "विळीचंही तेच," त्या म्हणाल्या. "बोटं कापतात ती बोथट विळीनं." मिस्त्रींनीं त्यांच्यापुढें सांखळी धरली; वहिनींनीं अंगठ्याच्या नखावर दात टेंकवून पाहिला, व "हा एक राहिलाय" असें सांगितलें. तो खरोखरच राहिला होता. त्या क्षणापासून मंडळींत आमच्यापेक्षां वहिनींचा मान अधिक वाढला.

नारळ व पोफळ कापली कीं दातांची धार लवकर जाते, हीं झाडें आंतून वाळूसारखीं खरखरीत असतात, असें बागायतदारांनीं सांगितलें. सागाचेंही थोडेंबहुत तसेंच. फणस मऊ, पण चीक सांखळीस धरतो. फणसाचें नांव निघतांच पुतण्यानें वडिलांकडे पाहिलें. अण्णा डोंगराकडे पाहत होते.

या यंत्राचा पूर्वेतिहास मोठा चमत्कारिक आहे. सांखळीस दात लावून ती फिरवावी ही कल्पना प्रथम लांकूडतोड्यांस नव्हे, तर वैद्यांस सुचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन व जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनीं अडलेल्या बाळंतिणीची सुटका करण्यासाठीं व कुजलेलें हाड कापण्यासाठीं हातानें ओढावयाची बारीक दातेरी सांखळी योजली. तीच कल्पना जंगलांत येण्यास सवाशेंहून अधिक वर्षें लागलीं. १९२६ सालीं जर्मनींत आंद्रेआस श्टील यांनीं विजेवर चालणारी सांखळी-करवत केली. १९२७ सालीं एमिल लेर्प यांनीं थुरिंजियांतील डोल्मार नांवाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली. हीं धुडें उचलण्यास दोन माणसें लागत. पण दात अजून जुन्या करवतीचेच होते. ते बदलले १९४६ च्या सुमारास, आणि त्याचें श्रेय एका अळीकडे जातें. अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत जो कॉक्स नांवाचा लांकूडतोड्या ओंडका फोडीत असतां भुंग्याची एक जाड अळी लांकूड पोखरतांना त्यास दिसली. तिचे जबडे एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे असे चालत, आणि लांकडाच्या रेषा आडव्या असोत कीं उभ्या, तिला दोन्ही सारख्याच. कॉक्सनें तोच जबडा पोलादांत उतरविला. आज जगभरच्या सांखळ्यांचे दात त्या अळीचे वंशज आहेत, आणि मिस्त्रींच्या दुकानांत भिंतीवर गणपतीच्या तसबिरीखालीं त्या अळीचें चित्र लावलेलें आहे.

मग खेळ सुरू झाले. परदेशांत या करवतींचे मोठमोठे सामने होतात. तेथील पट्टीचे लांकूडतोडे आधीं जमिनींत एक खुंटी ठोकतात व झाड बरोबर तिच्यावर पाडून खुंटी जमिनींत गाडतात. दिघ्याच्या आवारांत झाड कोठून आणणार? म्हणून निलगिरीचे वीस फुटी वांसे खड्ड्यांत उभे रोंवले होते व पुढें खुंट्या. रीत अशी: ज्या बाजूस पाडावयाचें त्या बाजूस खोडाच्या चौथाईइतकी खाच घ्यावयाची, मग मागील बाजूनें कापीत यावयाचें, पण आरपार नाहीं. मध्यें बोट-दीड बोट लांकूड अखंड राखावयाचें. या राखलेल्या पट्टीस ते 'बिजागरी' म्हणतात. दार जसें बिजागरीवर फिरतें तसें झाड या पट्टीवर फिरून हव्या त्या बाजूस बसतें. बिजागरी कापून टाकली कीं झाड कोणाचेंच ऐकत नाहीं.

तरुणांनीं आधीं हात दाखविले. कोणी दोन फुटांनीं चुकला, कोणी तीन. अभियंत्यांनीं कोन मोजण्याचें उपकरण आणलें होतें; त्यांचा वांसा प्रेक्षकांकडे आला व पळापळ झाली. शेवटीं ठाकरबाबा उठले. त्यांचें वय सत्तरीचें. तरुणपणीं ते जंगल कामगार सहकारी संस्थेंत होते. आदिवासींना ठेकेदारांच्या हातून सोडवून जंगलतोडीचें काम त्यांच्याच संस्थांना द्यावें ही योजना मुंबई प्रांतांत १९४७ सालीं सुरू झाली, आणि पुढें ठाण्या-कुलाब्याकडे अशा पुष्कळ संस्था निघाल्या. त्या काळीं हीं यंत्रें नव्हतीं. दोघांनीं दोन्हीं बाजूंनीं ओढावयाची लांब करवत, कुऱ्हाड व पाचरी. ठाकरबाबांनीं वांशाभोंवतीं एक फेरी मारली, वर पाहिलें, वाऱ्याकडे तोंड केलें. मग एवढ्या थोड्या वेळांत काम झालें कीं वहिनींचें पाहावयाचें राहूनच गेलें. वांसा खुंटीवर बसला, खुंटी मातींत गेली. टाळ्या झाल्या. ते मात्र यंत्र बंद करून हात चोळीत बसले. वर्षानुवर्षें हादरे सोसल्यामुळें त्यांच्या बोटांतील रक्तवाहिन्या बिघडल्या आहेत; थंडीच्या पहाटे बोटें पांढरीं फटफटीत पडतात व कांटा टोंचला तरी कळत नाहीं. युरोपांतही जंगलकामगारांस हाच विकार जडला, तेव्हां यंत्राची मूठ व इंजिन यांच्यामध्यें रबर किंवा स्प्रिंगा बसविण्याची युक्ति निघाली. ठाकरबाबांच्या हातीं तसें यंत्र फार उशिरां आलें.

अग्निशमन दलाच्या गृहस्थांनीं एक विजार आणली होती. ती त्यांनीं ओंडक्यावर गुंडाळली व चालू करवत तिच्यावर टेंकविली. सांखळीचा वेग सेकंदास २० मीटरच्या आसपास असतो. पण विजारीच्या आंतील लांब तंतू क्षणांत बाहेर ओढले गेले, चक्राभोंवतीं गुरफटले आणि यंत्र जागच्या जागीं थांबलें. ओंडक्यावर ओरखडा नव्हता. "ही तुझ्याकडं आहे का रे?" वहिनींनीं चिरंजिवांस विचारलें. नव्हती. यंत्रास पैसे होते, विजारीस नव्हते. यावर वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, व तें बोलण्याहून वाईट होतें.

दुपारीं जेवणें झाल्यावर मिस्त्रींनीं आजचा मुख्य विषय काढला: वादळांत पडलेलें झाड. उभें झाड कापणें सोपें, पडलेलें कठीण, असें ते म्हणाले, आणि आमचे कान टवकारले. त्यांनीं एक लांब वांसा दोन ओंडक्यांवर आडवा ठेवून मध्यें दोघांना बसविलें. वांसा खालीं वांकला. "आता वरची बाजू दाबली गेली, खालची ताणली गेली. वरनं कापाल तर पातं चिमटीत सापडेल. खालनं कापाल तर फटकन तुटेल. म्हणून आधी दाबलेल्या बाजूनं थोडं, मग ताणलेल्या बाजूनं, आणि आपण बाजूला उभं राहून." मग त्यांनीं मुळांसकट पडलेल्या झाडाचें काय होतें तें दाखविण्यास ठाकरबाबांना सांगितलें.

ठाकरबाबांनीं कांहीं भाषण केलें नाहीं. त्यांनीं मातींत एक लहान खड्डा केला, निलगिरीच्या फांदीस खालीं ओल्या मातीचा मोठा गोळा लावला व ती आडवी पाडली. गोळा खड्ड्याबाहेर उचलला गेला, कारण फांदीचें ओझें त्यास ओढून धरीत होतें. मग त्यांनीं कोयत्यानें फांदी गोळ्याजवळ तोडली. ओझें गेलें, गोळा धप्पकन खड्ड्यांत बसला, आणि राहिलेलें खुंट ताठ उभें राहिलें.

"झाड पडलं म्हणजे मेलं नाय," ते म्हणाले. "मुळं मातीत हायेत तवर ते उभंच राहायला बघतं. म्हणून आधी मुळाला दोर बांधायचा, नायतर लांबून कापायचं, खोडाला वजन राहील असं. बुंध्याजवळ नाय."

अण्णा पुढें सरकले. काठी बाजूस ठेवून ते त्या मातीच्या गोळ्याजवळ बसले; त्यांस तसें बसण्यास किती कष्ट होतात तें आम्हांस ठाऊक आहे. "पुन्हा दाखवा," ते म्हणाले. ठाकरबाबांनीं पुन्हां दाखविलें. खुंट पुन्हां उभें राहिलें. अण्णा बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि मग, कोणाकडेही न पाहतां, म्हणाले, "ती जागा मी दाखवली होती."

आम्हांस प्रथम अर्थबोध झाला नाहीं.

"तो पोरगा शेंड्याकडून कापत येणार होता. उगाच वेळ जाईल, ओंडका लांब मिळेल तेवढा चांगला, म्हणून मी म्हटलं, इथं काप. मुळाजवळ. मीच बोट ठेवलं होतं."

साडेपांच वर्षें आम्हीं, आमच्या साऱ्या भाऊबंदांनीं व अर्ध्या गांवानें त्या मुलास अडाणी, बेजबाबदार, माणूस मारणारा म्हटलें. त्यानें तें काम सोडलें. तो पनवेलीस कोणत्याशा गुदामांत लागला असें कानावर होतें. या सर्व काळांत अण्णा कांहीं बोलले नव्हते. वहिनींनाही ही गोष्ट ठाऊक नव्हती, हें त्यांच्या तोंडावरून दिसलें. ठाकरबाबांनीं मात्र मान हलवून एवढेंच म्हटलें, "त्याला बी ठाऊक नव्हतं, तुमास्नी बी ठाऊक नव्हतं. झाडाला ठाऊक होतं." मग चहा आला.

चहानंतर पुतण्यानें फणसाचीं छायाचित्रें मिस्त्रींपुढें ठेवलीं. यावेळीं अण्णा त्याच्या शेजारीं बसले होते. मंडळींनीं तीं हातोहात पाहिलीं. पुतण्याचा बेत बुंध्याशीं एकच काप घेऊन झाड विहिरीच्या बाजूस पाडावयाचा, हा ऐकून दोघांतिघांनीं एकदम 'नाहीं' म्हटलें. कललेल्या झाडाच्या पाठीवर जबर ताण असतो; घाईनें मागून कापूं गेल्यास खोड उभें चिरतें व चिरलेली अर्धी फळी कापणाऱ्याच्या छातीवर येते. शिवाय फणस हा १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडणें अधिनियमाच्या यादींतला. आंबा, चिंच, मोह, जांभूळ यांप्रमाणेंच तो आपल्या परसांतला असला तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. ही गोष्ट आमच्या घरांत, जेथें दोन वकील आहेत तेथें, कोणास ठाऊक नव्हती.

"तोडायचाच कशाला?" ठाकरबाबांनीं विचारलें. त्यांनीं छायाचित्रावर बोट फिरविलें. घराकडील बाजूच्या तीन फांद्यांवरच सारा भार होता. त्या शेंड्याकडून, हात-दीड हाताच्या तुकड्यांनीं, दोर लावून उतरवावयाच्या; दुसऱ्या बाजूच्या तशाच राखावयाच्या; खालीं सागाचे दोन टेकू द्यावयाचे. फणसास फळ धरतें तें खोडास व जाड फांद्यांस, तेव्हां फांद्या कमी झाल्या तरी खोड आपलें काम करील. हें सर्व होण्यास दोन दिवस लागतील, आणि त्यांतील दीड दिवस दोर बांधण्यांतच जाईल. वेळ थोडा कापण्यास व पुष्कळ न कापण्यास, अशी त्या माणसांची रीतच दिसली. येथवर लांकूडतोड्यांविषयीं आमची समजूत अगदीं उलट होती.

परततांना गाडींत अण्णांनीं पुतण्यास त्या मुलाचा पत्ता काढण्यास सांगितलें. पत्ता दोन दिवसांत लागला. मजुरीचे पैसे अण्णांनीं स्वतः पनवेलीस जाऊन दिले. किती दिले तें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं. मुलगा पैसे घेण्यास तयार नव्हता असें कळतें.

परवानगीचे कागद होण्यास दीड महिना लागला. माघांत ठाकरबाबा व त्यांचा मुलगा दिवेआगरास आले. पुतण्या दोर धरण्यास होता, नवी विजार घालून. करवत त्याच्या हातीं दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं, शेवटची एक बारीक फांदी उरली तेव्हां आली. आत्या दोन्ही दिवस पडवींत खुर्ची टाकून बसली होती, आणि प्रत्येक तुकडा जमिनीवर टेंकला कीं तो किती मोठा आहे हें तिला सांगावें लागे. लांकडाचें काय करावयाचें तें तिनेंच ठरविलें: पिंवळा गाभा असेल त्याचे पाट, राहिलेलें न्हाणीघरच्या चुलीस. पाट आठ झाले आहेत. खोडास यंदा चौदा कुयऱ्या धरल्या असून त्यांतील एक, भाजीस काढावी इतकी झालेली, आत्यानें पनवेलीस पाठविण्यास सांगितली आहे.